पुसले म्हणजे पुसले गेले काय?

गेल्या वर्षीच्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात सकाळची वंदना नुकतीच आटोपली होती. एक अनोळखी तरुण दाराशी चपला काढून आत आला. भगवान बुद्धांच्या मूर्तीला आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन करून तो मंडळाच्या अध्यक्षांपुढे उभा राहिला.

"जय भीम, काका. मागच्या महिन्यात तुमच्या मंडळाने जुना कॉम्प्युटर विकला ना? तो मी घेतलाय."

बिघाड निघाला म्हणून हा पैसे परत मागायला आला असावा, असे अध्यक्षांना वाटले. त्यांनी तसे विचारलेही.

"नाही काका, कॉम्प्युटर चांगला चालतोय. पण तुमचं सामान आतच राहिलंय."

आमचे मंडळ दरवर्षी बौद्ध वधू-वर परिचय मेळावा घेते. सहा वर्षांची परिचयपत्रे त्या कॉम्प्युटरमध्ये होती. मुलींचे फोटो, जन्मतारीख, राहत्या घराचा पत्ता, वडिलांचा मोबाईल नंबर, पगार, आणि पहिले लग्न मोडले असल्यास त्याचाही तपशील. शिवाय शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिलेल्या मुलांची आधार कार्डे आणि बँकेची पासबुके. विकण्यापूर्वी आमच्या चिटणीसांनी या सगळ्या फायली स्वतः पुसल्या होत्या. पडद्यावरची कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती. त्यांनी कामात कसूर केली नव्हती.

मग झाले काय? त्या मुलाच्या हातून त्याचा स्वतःचा प्रोजेक्ट चुकून पुसला गेला. तो परत मिळवण्यासाठी त्याने फुकट मिळणारा एक प्रोग्राम चालवला. त्याचा प्रोजेक्ट तर परत आलाच, त्याच्यासोबत आमचीही कागदपत्रे वर आली. "दोन-तीन उघडली, कशाची आहेत ते कळलं आणि बंद केली," तो म्हणाला. पिशवीतून हार्ड डिस्क काढून त्याने ती टेबलावर ठेवली. "आता तुम्हीच बघा काय करायचं ते."

विहारात सगळे गप्प झाले. एक आई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मुलीचे परिचयपत्र त्यात होते, आणि त्या मुलीचा घटस्फोट झालेला आहे. ती हळूच म्हणाली, "बाळा, तुझ्याजागी दुसरा कोणी असता तर?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला माहीत असावे, म्हणून हा लेख. आज आपल्या घराघरात मोबाईल आहे. तो जुना होतो, आपण तो बदलतो, विकतो, भाच्याला देतो. त्याबरोबर आपल्या घरचे काय काय दुसऱ्याच्या हाती जाते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

पाटी काढली, सामान आतच

चाळीतल्या खोलीचे उदाहरण घ्या. दारावर भाडेकरूच्या नावाची पाटी असते आणि मालकाच्या वहीत त्या खोलीपुढे त्याचे नाव असते. भाडेकरू गेला की मालक पाटी काढतो आणि वहीत "खोली रिकामी" असे लिहितो. पण आतले कपाट, ट्रंक, भांडीकुंडी कोणी हलवलेलीच नाहीत. दार उघडणाऱ्याला सगळे जागच्या जागी सापडेल. नवा भाडेकरू येऊन आपले सामान मांडेल तेव्हाच जुने बाहेर निघेल. त्याने अर्धीच खोली वापरली, तर उरलेल्या अर्ध्या खोलीत जुने सामान तसेच पडून राहील.

कॉम्प्युटर फाईल पुसतो म्हणजे बहुतेक वेळा एवढेच करतो. प्रथम ती फाईल कचरापेटीत जाते. कचरापेटी रिकामी केली की फायलींच्या यादीत त्या जागेपुढे "रिकामी" अशी खूण होते. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर "फॅट" नावाची जी जुनी पद्धत अजूनही चालते, तिच्यात तर पुसलेल्या फाईलच्या नावाचे फक्त पहिले अक्षर बदलले जाते. फाईलमधला मजकूर आणि फोटो जागेवरच असतात. शिफ्टचे बटण दाबून डिलीट केले, तर फक्त कचरापेटीचा टप्पा टळतो. बाकी सारे तेच.

असे का केले असावे? वेळ वाचावा म्हणून. मोठा सिनेमा डिस्कवर लिहायला काही मिनिटे लागतात. तो खरोखर खोडायचा तर त्याच्यावर दुसरे काहीतरी लिहावे लागेल, आणि त्याला पुन्हा तितकीच मिनिटे लागतील. यादीत खूण करणे पापणी लवण्याच्या आत होते. चुकून पुसलेली वस्तू परत मिळते ती याच सोयीमुळे. म्हणून परत आणणारे प्रोग्राम ही काही चोरांचीच हत्यारे नव्हेत. "रेकुवा", "फोटोरेक" असे प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतात, आणि हरवलेले लग्नाचे फोटो परत आणून त्यांनी कित्येकांचे भलेही केले आहे. मात्र जे प्रोग्राम आपले हरवलेले आपल्याला परत देतात, तेच आपले टाकलेले दुसऱ्यालाही देतात.

"फॉरमॅट" या शब्दावरही डोळे मिटून विसंबू नये. "क्विक फॉरमॅट" म्हणजे वहीचे पान फाडून नवी वही सुरू करणे. खोल्यांतले सामान त्यानेही हलत नाही.

ही चूक शिकलेल्यांचीही

आपण कामकरी माणसे, आपल्याला हे कसे कळणार, असे कोणाला वाटेल. पण यात मोठमोठी कार्यालयेही फसली आहेत. अमेरिकेतील एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत आणल्या आणि २००३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२९ चालू निघाल्या. त्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, लोकांची पत्रे आणि आजारपणाची माहिती निघाली. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम यंत्रातली असावी, असे तिच्यातील नोंदींवरून दिसले.

झेरॉक्स यंत्राचेही तसेच. मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रांच्या पोटात हार्ड डिस्क असते, आणि काढलेल्या प्रतींचे चित्र तिच्यावर राहू शकते. अमेरिकेतील एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची यंत्रे डिस्क न पुसता परत केली. सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती उघड झाली असण्याची शक्यता निघाली, आणि २०१३ साली त्या संस्थेला बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

तेव्हा हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. डोळ्यांपुढून गेले म्हणजे जगातून गेले, असे मानण्याची सवय सगळ्यांनाच आहे.

कशावरून कसे पुसावे?

सर्वांना एकच औषध लागू पडत नाही. आधी माहिती कशावर आहे ते पाहावे.

*फिरत्या चकतीची हार्ड डिस्क.* जुन्या कॉम्प्युटरमध्ये हीच असते. हिच्यावरचा मजकूर घालवायचा तर त्याच जागेवर दुसरे काहीतरी लिहावे लागते. किती वेळा? न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या पीटर गुटमन यांनी १९९६ साली ३५ वेळा लिहिण्याची एक पद्धत मांडली. तेव्हापासून "३५ वेळा पुसले तरच खरे" ही समजूत पसरली. पण ते ३५ प्रकार त्या काळच्या वेगवेगळ्या जातीच्या डिस्क डोळ्यांपुढे ठेवून केलेले होते. एकाच डिस्कवर सगळे चालवण्याची गरज नाही, असा खुलासा खुद्द गुटमन यांनीच पुढे केला. अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने २०१४ साली सुधारलेल्या मार्गदर्शनातही अशा डिस्कसाठी एकदा संपूर्ण लिहिणे साधारण कामाला पुरेसे मानले आहे. तेव्हा ३५ वेळांचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत.

घरच्या घरी हे असे करता येते. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी आणि फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट" पुढची बरोबरची खूण काढून टाकावी. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या सर्व विंडोजमध्ये असे पूर्ण फॉरमॅट केले की डिस्कभर शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. लागणारा हा वेळच काम खरे होत असल्याची खूण आहे. डिस्कचे दोन-तीन भाग पाडलेले असतील, तर प्रत्येक भाग फॉरमॅट करावा. विंडोज १० किंवा ११ असलेला चालू कॉम्प्युटर डिस्क न काढता द्यायचा असेल, तर सेटिंग्जमध्ये "रिसेट धिस पीसी" घ्यावे, "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडावे आणि पुढे "चेंज सेटिंग्ज" मध्ये जाऊन "क्लीन डेटा" चालू करावे. हे शेवटचे पाऊल बहुतेक लोक विसरतात.

*पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी.* यांच्यात फिरती चकती नसते, चिप असते. चिपची एकच जागा वारंवार लिहिल्याने झिजते. म्हणून ती आतल्या आत जागा बदलत राहते. तुम्ही जुन्या फाईलवर नवे लिहिता, पण चिप ते नवे दुसऱ्याच खोलीत नेऊन ठेवते आणि जुने काही काळ तसेच राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली हे तपासले. एसएसडीवरची एकेकटी फाईल पुसण्याचा एकही जुना उपाय त्यांना भरवशाचा आढळला नाही. संपूर्ण डिस्क दोनदा भरून लिहिली, तर बहुतेक वेळा काम झाले, पण नेहमी नाही.

म्हणून एसएसडीसाठी बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेला "सिक्युअर इरेझ" चा उपाय वापरावा. पेनड्राइव्ह मित्राला द्यायचा असेल तर पूर्ण फॉरमॅट करावा. त्यावर घरची महत्त्वाची कागदपत्रे किंवा लेकीबाळींचे फोटो असतील, तर तो कोणाला देऊच नये. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी घराची अब्रू पणाला लावण्यात शहाणपण नाही. तो फोडायचा झाल्यास वरचे प्लास्टिक फोडून भागत नाही, आतली काळी चिप फुटली पाहिजे.

*मोबाईल.* याच्यातही चिपच असते. २०१५ साली केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी अँड्रॉइडच्या २१ जुन्या फोनांवर "फॅक्टरी रिसेट" करून पाहिले. रिसेटनंतरही संदेश, फोन नंबर आणि गुगल खात्यात शिरण्याच्या चाव्या त्यांना परत मिळाल्या. ते फोन अँड्रॉइड ४.३ पर्यंतचे होते.

आज परिस्थिती बरीच सुधारली आहे. नवे फोन सगळी माहिती कुलूपबंद भाषेत लिहितात आणि त्या कुलपाची चावी फोनच्याच आत असते. रिसेट केले की चावी नष्ट होते. मागे राहिलेली अक्षरे असून नसल्यासारखी, कारण ती कोणालाच वाचता येत नाहीत. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, अशा नव्या फोनांना हे कुलूप सक्तीचे झाले. आयफोनमध्ये ते त्याआधीपासून आहे. त्यामुळे अलीकडच्या फोनला सेटिंग्जमधून केलेला पूर्ण रिसेट पुरतो. फोन फार जुना असेल तर सेटिंग्जमध्ये "एन्क्रिप्शन" शोधून ते आधी चालू करावे आणि मग रिसेट करावे. ती सोयच नसेल तर तो फोन परक्याला विकू नये.

फोन देण्यापूर्वी

क्रम चुकू नये, म्हणून हे कात्रण जपून ठेवावे.

१. हवे ते फोटो, नंबर आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. ती तिथे उघडतात की नाही, ते पाहावे.

२. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. रिसेट करताना मेमरी कार्ड बहुधा पुसले जात नाही, आणि घाईत तेच फोनसोबत जाते.

३. गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे. बँकेचे आणि पैसे पाठवण्याचे ॲप आधी बंद करून काढावे.

४. मग सेटिंग्जमधून पूर्ण रिसेट करावा.

५. फोन पुन्हा सुरू करून पाहावा. नव्या कोऱ्या फोनप्रमाणे तो भाषा आणि देश विचारू लागला, म्हणजे झाले.

फोन बंद पडला असेल तर हातोडा घालू नये. आतली बॅटरी पेट घेते. असा फोन ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावा. बंद पडलेली हार्ड डिस्क मात्र फोडता येते. चकत्या काचेच्याही असतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेत. जाळू तर मुळीच नये, तो धूर विषारी असतो.

लोकलमध्ये फोन मारला गेला तर? गुगल आणि ॲपल या दोन्हींच्या खात्यांतून हरवलेला फोन दुरूनच पुसण्याची सोय आहे. फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असेल तरच ती चालते. म्हणून घरच्या दुसऱ्या फोनवरून ते कसे करायचे, हे चोरी होण्याआधीच शिकून ठेवावे.

दुसऱ्याच्या दारातल्या प्रती

आपला फोन स्वच्छ केला तरी प्रती इतरत्र असतात. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात जातीच्या दाखल्याचा, जात पडताळणीचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आपण पेनड्राइव्ह देतो किंवा व्हॉट्सॲपवर कागद पाठवतो. अर्ज भरून झाला, पावती मिळाली, आपण उठलो. आधार, दाखला, सही, फोटो सारे त्या कॉम्प्युटरच्या "डाउनलोड्स" मध्ये राहिले. तिथून उठण्यापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत ते पुसायला सांगावे, कचरापेटी रिकामी करायला लावावी आणि व्हॉट्सॲप वेब बंद केले का, ते पाहावे. यादीतून गेल्यावरही सामान मागे राहते, हे आपण वर पाहिलेच. म्हणून मुळात देतानाच कमी द्यावे. जिथे चालते तिथे "मास्क्ड आधार" द्यावे. त्यात आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

व्हॉट्सॲपवर "सर्वांसाठी डिलीट" केले तरी समोरच्याने आधीच जपून ठेवलेला फोटो त्याच्याकडे राहतो. गुगल फोटोजमध्ये जपलेला फोटो पुसल्यावरही ६० दिवस तिथल्या कचरापेटीत असतो. नवऱ्याचा, मुलांचा आणि जुना फोन अशा तिघांवर एकच खाते चालू असेल, तर एका ठिकाणचा फोटो तिन्ही ठिकाणी दिसतो. आपल्या बऱ्याच घरांत एका खात्यावर सगळे घर चालते. विशेषतः आया-बहिणींनी आपले खाते वेगळे करून घ्यावे आणि त्याचा पासवर्ड आपल्याजवळच ठेवावा.

दुकानात काम करणाऱ्या मुलांसाठी

आपली कितीतरी मुले मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत, सायबर कॅफेत आणि जुन्या मालाच्या धंद्यात आहेत. त्यांच्या हातांतून रोज लोकांची घरेच्या घरे जातात. पंचशीलातील दुसरे शील काय सांगते? जे दिलेले नाही ते घेऊ नये. गिऱ्हाइकाने फोन दुरुस्तीला दिला, त्यातले फोटो पाहायला दिले नाहीत. त्याने कॉम्प्युटर विकला, आपल्या बहिणीचा पत्ता विकला नाही. विहारात डिस्क परत घेऊन आलेल्या त्या मुलाने हे शील कोणाच्या उपदेशावाचून पाळले. सम्यक आजीविका ती हीच.

गिऱ्हाईक म्हणून आपणही काळजी घ्यावी. काच बदलायला दिलेल्या फोनचा पिन सांगण्याची बहुधा गरज नसते. काही फोनांत दुरुस्तीसाठी वेगळी सोय असते. ती चालू केली की कारागिराला फोन तपासता येतो, पण आतले खाजगी काही दिसत नाही. ती आपल्या फोनमध्ये आहे का, ते पाहावे.

हा आपला हक्क आहे

खाजगीपण ही श्रीमंतांची चैन आहे, गरिबाला लपवायचे काय, असे बोलणारे भेटतात. त्यांना संविधानाचे उत्तर आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात तो सामावलेला आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यालाही तो तितकाच आहे. पुढे २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या या कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून आणि पुसून मागण्याचा हक्क दिलेला आहे.

माहितीचा गैरवापर होऊन पैसे गेले तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. फोटोचा गैरवापर झाला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करावी. अशा वेळी मुलीला दोष देत बसू नये. गुन्हा करणारा दुसरा असतो.

आणि पुसायचे नाही ते

हे सारे वाचून कोणी उत्साहाच्या भरात घरातले सगळेच पुसून टाकू नये. आपल्या समाजाला कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. पूर्वजांचा एक शाळेचा दाखला सापडला नाही म्हणून जात पडताळणी अडलेली मुले आपण पाहिली आहेत. बाबासाहेबांचे लेखन जपले गेले, म्हणूनच १९७९ पासून महाराष्ट्र शासनाला त्याचे खंड काढता आले. तेव्हा आजोबांचा दाखला, आईचा आवाज, वस्तीतल्या पहिल्या जयंतीचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवावेत, मगच जुने यंत्र स्वच्छ करावे. पुसलेले खरोखर गेले की ते कोणालाच परत आणता येत नाही. आपल्यालाही नाही.

दुसरी एक गोष्ट फार महत्त्वाची. कोणी जातीवरून शिवी दिली, धमकी पाठवली, मारहाणीची चित्रफीत पसरवली, तर रागाच्या किंवा लाजेच्या भरात ते पुसू नये. तो पुरावा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करताना तोच उपयोगी पडतो. ज्या फोनवर संदेश आला, तो मूळ फोन जपून ठेवावा, विकू नये, रिसेट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तरतूद कलम ६३ मध्ये आहे. ते वकिलाकडून समजून घ्यावे.

डिस्कचे पुढे काय झाले?

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले होते की कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आमच्या मंडळाने तेच केले. त्या मुलालाच थांबवून घेतले. परिचयपत्रांपैकी जी आवश्यक होती ती कुलूपबंद करून नव्या कॉम्प्युटरवर घेतली. मग जुनी डिस्क जोडून, "क्विक" ची खूण काढून, पूर्ण फॉरमॅट लावला. दुपारचे जेवण झाले, धम्मवर्ग झाला, तरी आकडा पुढे सरकतच होता. संध्याकाळी काम संपले. मग चिटणीसांनी तोच परत आणणारा प्रोग्राम त्याच डिस्कवर चालवला. रात्रीपर्यंत शोधूनही त्याला एकही परिचयपत्र सापडले नाही.

डिस्क त्या मुलाला परत दिली. पैसे मोजून घेतलेली त्याच्या हक्काची वस्तू होती ती. पुढच्या बैठकीत मंडळाने ठराव केला. यापुढे मंडळाचे कोणतेही यंत्र बाहेर जाण्यापूर्वी दोन सभासदांसमोर पुसले जाईल, तपासले जाईल आणि वस्तूंच्या नोंदवहीत तारखेसह दोघांच्या सह्या होतील. मेळाव्यानंतर एक वर्ष उलटलेली परिचयपत्रे कुटुंबाला विचारून काढून टाकली जातील. आपले परिचयपत्र केव्हाही पुसून मागण्याचा हक्क प्रत्येक मुलीला राहील.

ठरावाला पहिला हात त्या आईने वर केला. तिच्या मुलीचे पुढे चांगल्या घरी जमले. तो फोटो आणि तो कागद आता त्यांच्या स्वतःच्या घराखेरीज कुठेही नाही.

आपापल्या विहारातील जुना कॉम्प्युटर कोणत्या कपाटात पडून आहे, ते या रविवारी पाहून घ्यावे.

जय भीम!